तापली की बंद, निवली की चालू

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९७० सालची फियाट ११०० आहे. सकाळी सेल्फ मारला की लगेच सुरू होते. हायवेला छान पळते. पण उन्हाळ्यात बाजारपेठेच्या गर्दीत अडकली की आचके देते आणि बंद पडते. अर्धा तास बॉनेट उघडून ठेवलं की काही झालंच नव्हतं अशा थाटात पुन्हा चालू होते. एका फिटरने कॉइल बदलली, दुसऱ्याने पेट्रोलचा पंप बदलला, तिसरा म्हणतो इंजिन उतरवावं लागेल. वडील अशा वेळी इंजिनवरच्या पंपावर ओलं फडकं टाकायचे. त्यात काही तथ्य आहे का? आणि दुखणं नेमकं कुठे आहे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी फडक्याचं बघू, कारण तुमचे वडील बरोबर होते.

या गाडीची टाकी मागे आणि इंजिन पुढे. टाकीतलं पेट्रोल ओढून आणणारा पंप विजेवर चालत नाही. तो इंजिनच्या ब्लॉकलाच आवळलेला असतो आणि कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवतो. पंप पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव कमी तापमानालाच उकळतो. त्यात पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. त्यातले हलके घटक ३५-४० अंश सेल्सिअसलाच उकळायला लागतात, जड घटकांना २०० अंशांच्या आसपास जावं लागतं. मे महिन्यातली सांगलीची दुपार आणि वर तापलेला ब्लॉक, म्हणजे हलक्या घटकांची वाफ व्हायला आणखी काही लागतच नाही. पंप वाफ ढकलू शकत नाही. वाफ नुसती दबते आणि परत फुगते. कार्बोरेटर कोरडा पडतो, इंजिन आचके देऊन थांबतं. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. ओल्या फडक्यातलं पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जातं, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी चालते. खंडाळ्याच्या घाटात ज्यांनी जुन्या फियाटी चढवल्या, त्यांच्या डिकीत पाण्याचा कॅन आणि फडकं असायचंच.

हायवेला हा त्रास होत नाही, कारण समोरून वारा मिळतो. या गाडीचा पंखा पट्ट्यावर चालतो. इंजिन आयडलवर हळू फिरलं की पंखाही हळू फिरतो, म्हणजे हवेची गरज सगळ्यात जास्त असते नेमकं तेव्हाच ती सगळ्यात कमी मिळते. इंजिन बंद केल्यावर तर पाण्याचं फिरणंही थांबतं आणि पुढची काही मिनिटं बॉनेटखालचं तापमान आणखी वर चढतं. म्हणून बंद पडल्या पडल्या सेल्फ मारत बसणं व्यर्थ. बॅटरी मात्र उतरते.

आता खरी गोष्ट. ही सगळी लक्षणं व्हेपर लॉकची आहेत, पण फक्त व्हेपर लॉकची नाहीत. तापल्यावर बंद पडणारी आणि निवल्यावर चालणारी कॉइलही असते, कंडेन्सरही असतो. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं तरी असंच होतं. तुमच्या तिन्ही फिटरांनी गाडी निवल्यावर, म्हणजे ती अगदी ठणठणीत असताना तपासली आणि अंदाजानेच निदान केलं. असला दोष बंद पडलेल्या क्षणी, रस्त्याच्या कडेलाच सापडतो. तेव्हा पुढच्या वेळी गाडी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा आणि या क्रमाने बघा.

पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष झाकणाचा. पेट्रोल संपतं तशी टाकीत हवा शिरायला हवी. छिद्र बुजलं की आत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढून ओढून पेट्रोल मिळत नाही. एका टाचणीने हे दुखणं जातं. यापायी इंजिन उतरवायला निघालेली माणसं असतात.

तसं काही नसेल तर एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि हाताने अ‍ॅक्सिलरेटरची दांडी झटकन ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. उडाली, तर पेट्रोल पोचतंय आणि संशय ठिणगीवर जातो. नाही उडाली, तर पेट्रोल अडलंय, मग फडकं आणा. तापलेल्या इंजिनवर पेट्रोलची नळी मात्र सोडून बघू नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड शेजारीच असतो आणि आगीला पेट्रोलचे चार थेंबही पुरतात.

ठिणगी तपासण्याआधी एअर क्लीनर परत बसवा आणि उडालेलं पेट्रोल वाळू द्या. मग एका प्लगची वायर काढून, लाकडी चिमट्यात धरून तिचं टोक ब्लॉकपासून पाचेक मिलिमीटरवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. टपटप आवाज करणारी निळी ठिणगी हवी. पिवळी, मरगळलेली ठिणगी आली किंवा आलीच नाही, तर कंडेन्सर किंवा कॉइल. माझा पहिला संशय कंडेन्सरवर. कॉइलचा करंट तोडणारे पॉइंट उघडतात तेव्हा त्यांच्यामध्ये उडू पाहणारा करंट हा डबीएवढा भाग सामावून घेतो. तो निकामी झाला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटांवर उडते आणि त्यांना खड्डे पडतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरच्या गाडीत पॉइंट मिनिटाला ६,००० वेळा उघडतात, म्हणजे खड्डे पडायला वेळ लागत नाही. पॉइंट खडबडीत दिसले तर नुसते घासून बसवू नका, कंडेन्सरही बदला. आजकाल नवा म्हणून मिळणारा कंडेन्सर जुन्यापेक्षा वाईट निघू शकतो, म्हणून चाललेला जुना फेकू नका.

दोष व्हेपर लॉकचाच निघाला, तर फडक्यावर आयुष्य काढायची गरज नाही. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये उष्णता अडवणारं जाड फायबरचं पॅकिंग असतं. पंप बदलताना ते हरवतं आणि जागी कागदी गॅस्केट येतं. तुमचा पंप बदललाय, तेव्हा आधी हेच बघा. पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून दूर आहे ना, तेही बघा. रेडिएटर चोंदला असेल तर रॉडिंग करून घ्या, आणि नंतर त्यात बोअरचं पाणी न घालता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घाला. या इंजिनचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. जास्त तापलं की हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि मग खरोखरच इंजिन उघडावं लागतं.

एवढं करूनही भागलं नाही तर टाकीजवळ कमी दाबाचा विजेचा पंप बसवा. तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो. दाबाखालच्या पेट्रोलची वाफ सहज होत नाही. जुन्या गाड्यांचे कट्टर भक्त यावर नाक मुरडतील. मुरडू द्या. पंप मात्र कार्बोरेटरच्या गाडीचाच घ्या. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावलात तर कार्बोरेटरमधला नीडल व्हॉल्व्ह तो दाब रोखू शकणार नाही, पेट्रोल तापल्या इंजिनवर सांडेल. आणि इंजिन थांबलं की पंपही थांबेल अशी वायरिंग करून घ्या.

प्रश्न : आता सगळीकडे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीने काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घाबरू नये, पण दुर्लक्षही करू नये. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या गाडीत तीन वेगवेगळ्या गोष्टी घडतात. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं. पंपाचा डायफ्रॅम, रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधली सीलं यांना त्याची सवय नाही. हे सगळं एकदाच इथेनॉल सहन करणाऱ्या मालाचं बदलून घ्या. खर्च फार नाही. न बदलण्याचा धोका आगीचा आहे, त्यामुळे इथे काटकसर नको.

दुसरं, इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेराच. तुमचा कार्बोरेटर मात्र जुन्या हिशेबानेच पेट्रोल देतो, म्हणून मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. प्लग काढून रंग बघा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक. पांढरट असेल तर मेन जेट एक नंबर मोठा घाला. जेटच्या छिद्रात तार घालून ते मोठं करायचा उद्योग कुणालाही करू देऊ नका. पितळ मऊ असतं, एकदा बिघडलेलं छिद्र परत मापात येत नाही.

तिसरं, इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर गाडी उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि तिथे गंज धरतो. चार महिने चालवणार नसाल तर टाकी रिकामी करून ठेवा. सुरुवातीला टाकीतला जुना चिकटाही सुटून येईल, म्हणून पहिले काही महिने फिल्टर वरचेवर बदला.

प्रश्न : गाडी वापरात नाही. दर रविवारी जागेवरच दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो. एवढं पुरे ना?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही, उलट यापेक्षा बंद ठेवलेली परवडते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन नीट तापलं तर ते वाफ होऊन निघून जातं. दहा मिनिटांच्या आयडलिंगमध्ये ते सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचतं, आणि प्लगवर काजळी धरते ती वेगळीच. पंधरवड्यातून एकदा का होईना, गाडी वीसेक किलोमीटर बाहेर काढा. तेवढ्यात इंजिन पूर्ण तापतं, डायनॅमो बॅटरी भरतो, टायर एकाच जागी दबत नाहीत आणि ब्रेकचे पिस्टन हलते राहतात.

ब्रेकवर मुद्दाम थांबतो. ११०० ला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि त्या काळच्या गाडीत सगळ्यांना मिळून ब्रेक ऑइलची एकच लाइन. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही ब्रेक गेले. ब्रेक ऑइलही हवेतलं पाणी घेतं. डॉट-३ प्रतीचं नवं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेल्या ऑइलचा उकळबिंदू १४० पर्यंत खाली येऊ शकतो. घाट उतरताना हा फरक कळतो. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. इंजिन चकाचक आणि ब्रेक मात्र पंप केल्याशिवाय लागत नाहीत, अशा गाडीला मी चालू गाडी म्हणत नाही.

प्रश्न : स्पेअर पार्ट मिळत नाहीत. फियाटमध्ये मारुतीचं इंजिन बसवून देतो असं गॅरेजवाला म्हणतो. बसवावं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बसवू नका. पार्टांची अडचण खरी आहे. १९४४ साली वालचंद हिराचंदांनी सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची. पुढे हिचंच नाव पद्मिनी झालं. पद्मिनीचं उत्पादन थांबलं तरी पार्ट मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमुळे. पण शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची, टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली आणि ते गिऱ्हाईक संपलं.

तरीही १,०८९ सीसीचं हे इंजिन दुरुस्त करायला सोपं आहे. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसतात, बुश लेथवर करून मिळतात, डायनॅमोचं आर्मेचर वाइंड होतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोर बाजारात अजून माल निघतो. जाताना जुना भाग सोबत न्या, तोंडी वर्णनावर घेतलेला पार्ट बसत नाही. परकं इंजिन बसवलं की त्याच्या मागोमाग माउंटिंग, गिअरबॉक्स, रेडिएटर, वायरिंग सगळंच बदलत जातं, आणि परवानगीशिवाय केलेला असा बदल कायद्यातही बसत नाही. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणी हवी असेल तर गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते.

त्या नोंदणीबद्दलही बरेच जण विचारतात. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज बाजारात किंवा सुट्टीत गावी न्यायची असेल तर नेहमीची नोंदणीच चालू ठेवा.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना गाडीचं मॉडेल आणि साल लिहाच. शिवाय ती बंद पडली तेव्हा किती वेळ चालली होती, ऊन होतं की पाऊस, पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला, हेही लिहा. कोणते पार्ट बदलले याच्या यादीपेक्षा ही माहिती जास्त कामाची आहे.