वाडीतील पाण्याचा निचरा : मृगापूर्वीची सिद्धता

थळ-किहीमपासून आक्षी, नागाव, चौल, रेवदंड्यापर्यंतच्या अष्टागरात आणि तेथून दक्षिणेस मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर घर आणि वाडी ही परस्परांपासून निराळी अशी कधी मानली गेली नाहीत. पागोळी जेथे पडते तेथून फार दूर नाही तोच पोफळीची पहिली ओळ सुरू होते, आणि त्यामुळे परसात तुंबलेले पाणी ज्याप्रमाणे घराच्या जोत्यास ओल आणते, त्याचप्रमाणे माडा-पोफळींच्या मुळांचा प्राणवायूही हिरावून घेते. पोफळीस पाणी नित्य हवे असते, परंतु साचलेले पाणी तिला सोसत नाही. मुळे गुदमरली की झावळ्या पिवळ्या पडतात, आणि कोंदट, दमट वाडीत कोळेरोगालाही आयतेच फावते.

निचऱ्याचा विचार बहुधा चर खणण्यापासून आरंभिला जातो. वास्तविक पाणी अखेरीस कोठे जाणार, या प्रश्नापासून तो आरंभिला पाहिजे. ज्या व्हाळात वा खाजणात ते सोडावयाचे, तेथील पावसाळी पातळी अंगणाहून उंच असेल, तर चर कितीही रुंद केला तरी ते लांबट डबकेच ठरेल. म्हणून कुदळ हाती घेण्यापूर्वी, गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून, परसाची आणि निर्गमाची उंची ताडून पाहावी. दर १०० फुटांस निदान १ फूट उतार मिळत असेल तर उघडा चर निर्वेध वाहतो. वाडीतील चर ओळींच्या मधून, मुळांच्या दाट थराहून खोल, परंतु झाडांच्या बुंध्यांपासून अंतर राखून काढावेत.

खाडीकाठी आणखी एक सत्ता विचारात घ्यावी लागते, ती भरती-ओहोटीची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती आणि मुसळधार पर्जन्य यांची गाठ पडली की चराचे मुख काही तास बंद होते, इतकेच नव्हे तर खारे पाणी उलट वाडीत शिरते. खारजमिनी कसणाऱ्यांनी यावर पूर्वीच उपाय योजला : बांधातील उघाडीची झडप ओहोटीस आतील पाण्याच्या दाबाने उघडते आणि भरतीस बाहेरील पाण्याच्या दाबाने मिटते. १९४८ चा मुंबई इलाख्यातील खारजमिनींविषयीचा कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम यांचा विषय अशाच जमिनींचे संरक्षण हा आहे. वाडीच्या मोरीवर तशीच लहान झडप बसवावी, आणि ती मिटलेली असेतोवर पाणी थोपून राहील असा एक सखल कोपरा झाडांवाचून मोकळा ठेवावा.

रेताड भाटात उन्हाळ्यात ओतलेले पाणी क्षणार्धात जिरते, म्हणून शोषखड्डा पुरेल असा समज होतो. परंतु आषाढात विहिरीचे पाणी काठाशी येते, तेव्हा जमिनीच्या पोटात जागा उरलेली नसते. गतवर्षी विहीर किती चढली होती हे आठवावे, आणि खड्ड्याचा तळ त्या पातळीच्या खाली जात असेल तर तो खर्च करू नये. त्याऐवजी पन्हळ लावून छपराचे पाणी परभारे बाहेर काढावे. १०० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर १० हजार लिटर पाणी उतरते, आणि या किनाऱ्यावर तेवढा पाऊस एका दिवसात होणे ही नवलाची गोष्ट नव्हे.

जुन्या रचीव जांभ्याच्या गडग्यातून पाणी झिरपून जात असे. आता तेथे सिमेंटच्या भिंती उभ्या राहिल्या, शेजारच्या जागेत भराव पडला, आणि पाण्याच्या वाटेवरून कज्जे होऊ लागले. भिंत बांधणाऱ्याने सखल बाजूस पाण्यासाठी भोके ठेवावीत. शेतीच्या वा झाडांच्या जमिनीवरील पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणी बेकायदा अडविला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये सहा महिन्यांच्या मुदतीत तहसिलीत दावा दाखल करता येतो. मात्र त्यापूर्वी उभयतांनी हद्दीवर उभे राहून नळीने उतार पाहावा, हे अधिक श्रेयस्कर.

मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते. तत्पूर्वी मोऱ्यांतील गाळ उपसावा, चरांतील झावळ्या व सोडणे काढावीत, आणि पहिल्याच मोठ्या सरीत छत्री घेऊन वाडीत एक फेरी मारून पाणी जेथे थबकेल तेथे खूण करावी. उरलेली दुरुस्ती त्या खुणांवरून करावी, अंदाजाने नव्हे.