थोडक्या पैशांत प्राचीन नाण्यांचा संग्रह

प्राचीन नाण्यांचा संग्रह हा राजेरजवाड्यांचा अथवा धनिकांचा छंद होय, असा पुष्कळांचा समज आहे. ज्याला सोन्याची मोहोर किंवा शिवछत्रपतींचा होन मिळवावयाचा आहे, त्याच्यापुरता तो खराही आहे. परंतु ज्याला नाणे मिरवावयाचे नसून वाचावयाचे आहे, त्याला फारशा द्रव्याची गरज नाही. थोडे पैसे, पुष्कळ धीर व एक वही एवढ्या सामग्रीवर विद्यार्थ्याने हा संग्रह कसा आरंभावा, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम, नाण्याचे खरे मोल कशात असते ते पाहू. आपल्याच पालघर जिल्ह्यात नालासोपारे येथे ‘बुरुड राजाचा कोट’ नावाची टेकडी आहे. ती सन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणली, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला आणि त्यात इतर वस्तूंबरोबर यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे एक लहानसे नाणे मिळाले. चांदी म्हणून त्याची किंमत ती काय असणार? पण त्या राजाचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध असल्यामुळे, ते नाणे स्तूपात ठेवणारा हात त्याच्या आधीचा असू शकत नाही, एवढे निश्चित झाले. तेच नाणे एखाद्या सराफाच्या पेटीत निघाले असते, तर सोपाऱ्याविषयी ते एक अक्षरही बोलले नसते.

दुसरे उदाहरण घाटावरचे. सन १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट या मिशनरी विद्वानांनी त्यांतील १३,००० हून अधिक नाणी तपासली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर, नहपानाच्या मुखवट्यावरच, गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आढळला. गौतमीपुत्राने क्षहरात वंश निर्मूळ केला, असे नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेख सांगतो. नहपान त्याच वंशाचा. शिलालेखाच्या त्या विधानाला या नाण्यांनी साक्ष दिली. सारांश, नाण्यावर काय आहे आणि ते कोठे मिळाले, या दोन गोष्टींत त्याचे मोल साठविलेले असते. आणि या दोन्ही गोष्टी गरिबालाही वहीत टिपून ठेविता येतात.

आता प्रत्यक्ष आरंभाविषयी. आरंभ घरातूनच करावा. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे सुरू झाले, त्यापूर्वीचे आणे व भोकाचे पैसे पुष्कळ घरी डब्यात पडलेले असतात. ती नाणी प्राचीन नव्हेत. परंतु त्यांवर डोळा व हात तयार होतो. आजीच्या गळ्यातील माळेत जुने रुपये असतील, तर ते काढून मागू नयेत. नाण्यावर पातळ कागद ठेवून मऊ शिसपेन्सिल हलक्या हाताने फिरवावी, म्हणजे ठसा कागदावर उतरतो. अशा ठशांची वही हाही संग्रहच होय, आणि त्यास कागदापलीकडे खर्च नाही.

त्यानंतर दुदांडी शिवराई घ्यावी. तांब्याचे हे नाणे पुष्कळ काळ पाडले जात असल्यामुळे झिजलेल्या स्थितीत ते स्वस्तात मिळते. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असतो. दुदांडीत ‘छत्र’ व ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा दिसतात. हे वाचता येऊ लागले की सुटीत ब्राह्मी लिपीची अक्षरे शिकावी आणि मग सातवाहनांच्या शिशाच्या किंवा मिश्रधातूच्या साध्या नाण्याकडे वळावे. त्यांवर हत्ती आणि चार टोकांस चार वर्तुळे असलेले उज्जयिनी-चिन्ह आढळते. सहा महिन्यांत एकच नाणे घ्यावे, पण ते पुरते ओळखावे.

प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, धातू, दोन्ही बाजूंचे वर्णन, मिळाल्याचे ठिकाण, दिनांक व किंमत वहीत नोंदवावी आणि नाणे कागदी पाकिटात ठेवावे. चिंच, राख वा लिंबू लावून नाणे कधीही घासू नये. शतकानुशतके टिकलेले अक्षर एका घटकेत नाहीसे होते. खरेदी करताना पावती घ्यावी. कडेवर साच्याची शिवण, अंगावर बारीक खड्डे किंवा एकाच ठशाची हुबेहूब नाणी दिसली, तर ती ओतीव व नकली समजावी. मोखाड्याहून त्र्यंबकमार्गे नाशिकला जाताना अंजनेरी लागते. तेथे सन १९८० मध्ये नाणकशास्त्राच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन झाली व तिने नाण्यांचे संग्रहालय उभारले. पैसे खर्चण्यापूर्वी अस्सल नाणी डोळ्यांखालून घालावी, हे उत्तम.

शेवटची गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचे मडके लागले, तर भीतीने अथवा लोभाने ते गुपचूप वाटले जाते आणि पुढे मुशीत जाते. सन १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला १० रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे भाग आहे. लपविणारा शिक्षेस पात्र होतो. परंतु कायद्याने शोधणाराला रिकाम्या हाताने परत पाठविलेले नाही. शासनाने ठेवा आपल्याकडे घेतल्यास धातूची किंमत व तिचा एकपंचमांश अधिक देण्याची त्यात तरतूद आहे. म्हणून मडके सापडताच नाणी न हलविता, न धुता तहसील कचेरीत वर्दी द्यावी. तसेच, शंभर वर्षांहून जुने नाणे परदेशी पाठविण्यास खाजगी माणसास सन १९७२ च्या कायद्याने मनाई आहे, हेही माहीत असावे.

कराविषयीचा प्रश्न आला असता आपल्या प्रभूने प्रथम नाणे मागविले, त्यावरील मुखवटा व लेख कोणाचा हे विचारले आणि मग ज्याचे त्यास देण्यास सांगितले. नाणे आधी वाचावे व मग ज्याचे त्यास द्यावे, एवढे दोन नियम ज्या मुलाने पाळले, त्याच्या पेटीत पाचच नाणी असली तरी त्यास खरा संग्राहक म्हणावे.