मांजरीचा डोळा

गाय दूध देते. बैल नांगर ओढतो. कुत्रा राखण करतो. मग मांजर काय करते? मांजर उंदीर मारते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी ज्वारी, तूर, हरभरा साठवून ठेवतात. उंदीर पोते कुरतडतो, खातो थोडे आणि नासतो फार. म्हणून मांजर म्हणजे धान्याचा पहारेकरीच म्हणायचा. पहारेकऱ्याचा डोळा गेला तर काय होईल? आजच्या पाठात आपण हेच पाहू.

आधी मांजरीचा डोळा कसा असतो ते समजून घेऊ. रात्री बत्तीच्या उजेडात मांजरीचे डोळे चमकतात. काही लोक त्याला भितात. भिण्यासारखे त्यात काही नाही. मांजरीच्या डोळ्यात आत मागच्या बाजूला आरशासारखा एक पडदा असतो. आलेला उजेड हा पडदा परत फिरवतो. त्यामुळे थोडा उजेड मांजरीला दोनदा कामी येतो. माणसाला लागतो त्याच्या सहाव्या हिश्शाइतक्या उजेडात मांजर पाहू शकते. पण उजेड मुळीच नसेल, तर मांजरीलाही दिसत नाही. मग ते वाट कशी काढते? ते पुढे सांगतो.

डोळ्याच्या अगदी पुढे काचेसारखा एक स्वच्छ पातळ पडदा असतो. माणसालाही असतो, मांजरीलाही असतो. उजेड त्यातूनच आत जातो. ह्या काचेवर ओरखडा पडला तर डोळ्यातून पाणी वाहते, उजेड सहन होत नाही, डोळा मिटून राहतो. ओरखडा वरवरचा असेल आणि वेळेवर औषध मिळाले, तर थोड्या दिवसांत भरून येतो. जखम खोल गेली, त्यात पू झाला, तर डोळा जातो.

आमच्या शेजारी एका घरी अशीच गोष्ट घडली. कापूस निघाल्यावर वावरातल्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून आपण जळणासाठी घराजवळ रचतो. त्या ढिगात उंदीर घर करतात. त्या घरची कबरी मांजरी उंदरामागे ढिगात शिरली. एक टोकदार काडी तिच्या डाव्या डोळ्यात गेली. ती कोपऱ्यात जाऊन बसली. खाईना, पिईना.

घरची म्हातारी म्हणाली, "डोळ्यात दूध पिळ, आपोआप बरं होते." कोणी म्हणाले मध घाला, कोणी म्हणाले चुन्याचे पाणी घाला. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी डोळ्यातून पू आला. तेव्हा सून म्हणाली, "आत्याबाई, मुका जीव आहे. बोलत नाही म्हणून दुखत नाही असे थोडेच आहे? मी दवाखान्यात नेते." तिने मांजरीला टोपलीत घातले, वरून लुगड्याचे फडके बांधले आणि जनावरांच्या दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी डोळ्यात रंगीत औषधाचा थेंब टाकला. जिथे जखम होती, तिथे हिरवा रंग उमटला. काच आरपार फाटली होती. ते म्हणाले, "पहिल्याच दिवशी आणली असती तर डोळा वाचण्याची आशा होती. आता हा डोळा काढावा लागेल. तो ठेवला तर तिला कायम दुखेल." मांजरीला भूल देऊन डोळा काढला आणि पापण्या शिवून टाकल्या. पंजाने टाके ओरबाडू नयेत म्हणून गळ्यात पुठ्ठ्याचे गोल कडे घातले. दहा-बारा दिवसांनी टाके निघाले.

पुढे काय झाले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. पहिले काही दिवस कबरी डाव्या बाजूला दाराच्या चौकटीवर आपटे. ओट्यावर उडी मारायला जाई आणि खाली पडे. कारण असे की वस्तू किती दूर आहे हे दोन डोळ्यांनी नीट कळते. तुम्हीच करून पाहा. एक डोळा मिटा आणि सुईत दोरा ओवा. चटकन ओवता येणार नाही. पण कबरी हळूहळू शिकली. उडी मारण्याआधी ती मान वरखाली हलवू लागली. मान हलली की जवळची वस्तू जास्त सरकलेली दिसते, दूरची कमी. त्यावरून अंतराचा अंदाज येतो. चालताना ती मान डावीकडे वळवू लागली. पोळा आला तोवर ती पुन्हा उंदीर धरू लागली होती.

दोन्ही डोळे गेले तरी मांजर जगते. त्याचे कान फार तिखट. माणसाला ऐकू येत नाही असा उंदराचा बारीक आवाज मांजरीला ऐकू येतो. नाकही तीक्ष्ण असते. आणि मिशा? मिशा म्हणजे मांजरीची बोटेच. भिंत, फट, पोते, सारे काही मिशांना कळते. पुढच्या पायांच्या मागेही असे केस असतात. म्हणून मांजरीच्या मिशा कधी कापू नयेत. आंधळ्या मांजरीचे ताट आणि पाणी रोज एकाच जागी ठेवावे. वाटेत बाज, घमेले आडवे टाकू नये. हात लावण्याआधी आवाज द्यावा. विहिरीवर आणि टाक्यावर झाकण ठेवावे.

मांजरीच्या डोळ्याला लागले तर काय करावे? त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरला दाखवावे. 1962 ह्या फोन नंबरावर विचारता येते. माणसाचे उरलेसुरले थेंब तिच्या डोळ्यात घालू नयेत. काही थेंबांनी जखम आणखी चिघळते. दुखते म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर मुळीच देऊ नये. ती मांजरीला विष आहे. दुखणाईत मांजर चावले किंवा ओरबाडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि दवाखान्यात जाऊन सुई घ्यावी.

आता माणसाकडे वळू. फ्रान्स देशात 1809 साली लुई ब्रेल नावाचा मुलगा जन्मला. बाप घोड्यांचे चामडी साज शिवी. तीन वर्षांचा लुई आरीशी खेळत होता. आरी एका डोळ्यात गेली. जखम चिघळली आणि दुसरा डोळाही गेला. पाचव्या वर्षी तो पुरता आंधळा झाला. तेव्हा आजच्यासारखी औषधे नव्हती. पण तो मुलगा हिमतीचा. 1824 साली, पंधराव्या वर्षी, त्याने उंचवट्याच्या सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. आंधळी माणसे ती बोटांनी वाचतात. 1951 सालापासून मराठीसारख्या आपल्या भाषांसाठीही भारती ब्रेल ही एकच लिपी ठरली आहे. तुम्ही आज डोळ्यांनी जे अक्षर वाचता, तेच अक्षर आंधळा माणूस बोटांनी वाचतो. मांजरीला मिशा, तशी त्याला बोटे.

दूर कशाला जायचे? 2017 साली पावसाळ्यात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना शेकडो शेतकरी आणि मजूर आजारी पडले. वीसच्या वर माणसे दगावली. कित्येकांना काही काळ डोळ्यांनी दिसेनासे झाले. त्या साली पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. फवारा तोंडावर, डोळ्यांवर येत होता. म्हणून ध्यानात ठेवा. फवारताना चष्मा, तोंडावर मास्क आणि हातमोजे घालावे. वाऱ्याच्या तोंडाला उभे राहू नये. दोन-तीन औषधे मनाने मिसळू नयेत. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. आता तुम्हाला वाचता येते, मग त्या विद्येचा पहिला उपयोग इथेच करा.

औषध किंवा चुना डोळ्यात गेला, तर लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि मग दवाखाना गाठावा. काटा किंवा काडी रुतली असेल, तर ती उपटू नये, डोळा चोळू नये. डोळ्यावर दाब येणार नाही अशी स्वच्छ वाटी झाकावी आणि डॉक्टरकडे जावे. 108 नंबरला फोन केला की गाडी येते.

आणि घरात कोणा म्हाताऱ्या माणसाला दिसत नसेल, तर त्यांचा लोटा, काठी, चप्पल रोज एकाच जागी ठेवा. जवळ जाताना "मी आलो, आजोबा" असे म्हणा. दृष्टी गेलेल्याला दया नको असते. वस्तू जागच्या जागी असल्या की तो आपले काम आपण करतो.

प्रश्न

1. मांजरीचे डोळे रात्री का चमकतात?
2. कबरीचा डोळा का वाचला नाही?
3. एका डोळ्याने अंतर ओळखायला कबरी काय करी?
4. डोळ्यात फवारणीचे औषध गेले तर प्रथम काय करावे?
5. आपल्या घरी फवारणीच्या औषधाचा डबा आहे काय? त्यावरची सूचना वाचून शेजाऱ्याला सांगा.