बंद पडलेला अल्टरनेटर आणि घरची दुरुस्ती



इंजिनावरचा एखादा भाग निकामी झाला की तो अख्खा काढून नवा बसवण्याची रीत आता गॅरेजांत रूढ झाली आहे. तिच्यामागे लबाडीपेक्षा हिशेब अधिक आहे. कारण भाग उघडून दोष शोधण्यात कारागिराचा वेळ मोडतो, त्या श्रमाचे मोल द्यायला गिऱ्हाईक सहसा राजी नसते आणि दुरुस्त केलेल्या भागाची हमी घेणे गॅरेजवाल्याला परवडत नाही. ज्याच्या हाती सुटीचा दिवस आहे आणि मनात शिकण्याची ओढ आहे, त्याला मात्र हा हिशेब लागू पडत नाही. अशा शिकाऊ माणसाने प्रथम हे लक्षात घ्यावे की ज्याला एक भाग म्हणतात तोही अनेक तुकड्यांचा बनलेला असतो, त्यांतले काही झिजण्यासाठीच घातलेले असतात, आणि पुष्कळदा बिघाड नेमका त्यांतच असतो.

अल्टरनेटर हे याचे उत्तम उदाहरण होय. पुष्कळ गॅरेजांत त्याला अजूनही डायनामोच म्हणतात. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे हे यंत्र बॅटरी चार्ज करते आणि गाडीच्या दिव्यांपासून इग्निशनपर्यंत सर्वांना वीज पुरवते. त्याच्या आत रोटर, म्हणजे फिरणारा विद्युत्‌चुंबक असतो. त्याला लागणारा काही अँपिअरचा प्रवाह दोन कड्यांवर घासत राहणाऱ्या कार्बनच्या दोन तुकड्यांमधून पोहोचतो. त्या चुंबकामुळे भोवतीच्या स्थिर वाइंडिंगमध्ये दिशा बदलणारी वीज निर्माण होते आणि प्रवाहाला एकाच बाजूने जाऊ देणारे डायोड तिला बॅटरीच्या उपयोगाची करतात. वर्षानुवर्षे घासून कार्बन आखूड झाले की ते कड्यांना नीट टेकत नाहीत, रोटरचे चुंबकत्व क्षीण होते, डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो, आणि बोटाच्या पेराहून लहान अशा दोन तुकड्यांपायी वाइंडिंग, बेअरिंग व डायोड शाबूत असलेले यंत्र भंगारात जाते. हा अपव्यय खरोखर मनाला लागणारा आहे.

तथापि पाना हाती घेण्यापूर्वी मल्टिमीटर हाती घ्यावा. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज झालेली, काही वेळ विसावलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असताना तिच्याच टोकांवर साधारणतः 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळावेत. इंजिन चालू असूनही आकडा वर न चढता उतरत गेला, तर आधी पट्ट्याचा ताण आणि तारांचे सांधे तपासावेत. तेथे दोष न सापडल्यासच अल्टरनेटरवर संशय घ्यावा. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढून पाहण्याची जुनी युक्ती कटाक्षाने टाळावी, कारण त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळते आणि डायोडच नव्हे तर गाडीचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटही जळू शकतो. काम सुरू करताना इंजिन बंद करून बॅटरीची ऋण तार प्रथम सोडवावी.

अनेक अल्टरनेटरांत कार्बन आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर एकाच जोडणीत, मागच्या बाजूला दोन-तीन स्क्रूंनी बसवलेले असतात. कार्बन सुटे मिळत असल्यास सोल्डरचे जुने डाग काढून नवे कार्बन डागावेत. येथे खरी कसोटी लागते: कार्बनमधून निघणारी तांब्याची विणलेली वेणी लवचीक असते आणि ती तशीच राहिली पाहिजे, परंतु सोल्डर वितळला की वेणीतून वर शोषला जातो, वेणी ताठर होते आणि स्प्रिंग मागे असूनही कार्बन पुढे सरकत नाही. म्हणून डागाच्या वरच्या बाजूला वेणी चिमट्याने घट्ट धरावी, म्हणजे उष्णता आणि सोल्डर तेथेच थांबतात. कड्या बारीक पॉलिश पेपरने उजळाव्यात. त्यांत खोल चर पडले असतील तर मात्र लेथवाल्याकडे जावे, आणि त्यात कमीपणा मानू नये.

अल्टरनेटरप्रमाणेच सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, हिच्यातही कार्बनच झिजतात, आणि शिवाय सोलनॉइडमधले, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या विद्युत्‌चुंबकी स्विचमधले, तांब्याचे संपर्क जळतात.

भाग उघडून दुरुस्त करण्याची हीच हिंमत सर्वत्र दाखवणे मात्र धोक्याचे आहे. टायमिंग बेल्ट किंवा एकदा दाबला गेलेला हेड गॅस्केट पुन्हा वापरू नये. काही इंजिनांत हेडचे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात, तेही नवेच घ्यावेत. आधुनिक डिझेल इंजिनाच्या कॉमन रेलमध्ये इंधनाचा दाब हजार बारच्या वर जातो आणि त्याची बारीक धारही कातडी भेदून आत शिरते, तेव्हा ती यंत्रणा घरी उघडूच नये. ब्रेकच्या बाबतीतही शिकाऊ हाताने प्रयोग करू नयेत.

प्रारंभ करायचाच तर जुन्या बाजारातून एखादा टाकाऊ अल्टरनेटर आणून तो टेबलावर पूर्ण खोलावा, प्रत्येक स्क्रू काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, आणि तो दोनदा जोडून झाल्यावरच चालत्या गाडीला हात लावावा.