थोडे थोडे, ढवळत ढवळत

पिठले तुम्ही सर्वांनी खाल्ले असेल. शेजारच्या काकूंकडून कधी वाटीभर आले असेल, कधी अम्मीने घरीच केले असेल. पिंपळगाव बसवंतच्या आसपास द्राक्षाच्या बागा आहेत, कांद्या-टोमॅटोची शेती आहे. बागेत किंवा खळ्यावर कामाला जाणाऱ्या बायकांना सकाळी वेळ थोडा असतो. भाकरी आणि पिठले अर्ध्या तासात होते. संध्याकाळी अम्मीला यायला उशीर झाला, तर तुमच्यापैकी कितीतरी जण बहिणीच्या मदतीने तेच करतात. पाच माणसांचे जेवण त्या एका पातेल्यात असते. म्हणून ते नीट व्हायला हवे.

सामान साधेच असते. एक वाटी बेसन, सुमारे तीन वाट्या पाणी, एक कांदा, लसूण, हिरवी मिरची, मोहरी, जिरे, हळद, मीठ आणि तेल. हेच सामान दोन घरांत दिले, तरी एका घरी मऊ, एकजीव पिठले होते आणि दुसऱ्या घरी गुठळ्यांचे पाणी होते. सामान तेच, विस्तव तोच. मग फरक कुठे पडला? वस्तू कधी, किती आणि कशी घातली, यात पडला.

आधी एक शब्द पाहू. उर्दूत ‘गुठली’ म्हणजे आंब्या-बोराच्या आतली कोय किंवा आठळी. मराठीत ‘गुठळी’ म्हणजे एकत्र येऊन घट्ट झालेला लहान गोळा. पिठाची गुठळी होते, रक्ताचीही गुठळी होते. ऐकायला शब्द सारखे आहेत, पण पिठल्यात आंब्याची कोय शोधू नका!

पिठल्यातली एखादी गुठळी चमच्याने फोडून पाहा. बाहेरून ती ओली आणि चिकट असते. आत मात्र कोरडे, कच्चे पीठ असते. इतक्या पाण्यात राहून ते कोरडे कसे राहिले? बेसनात पिष्ट असते. पिष्टाचे कण साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअस तापमानाला पाणी पिऊन फुगतात आणि चिकट होतात. सगळे पीठ एकदम उकळत्या पाण्यात टाकले, की त्याच्या गोळ्याचा बाहेरचा थर लगेच फुगतो. हा चिकट थर भिंतीसारखा काम करतो. आतल्या पिठापर्यंत पाणी पोहोचतच नाही. मग कितीही वेळ उकळा, आतले पीठ कच्चेच राहते.

वर्गात एकदा हा विषय निघाला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग पीठ आधी पाण्यात कालवायचे की फोडणीच्या पाण्यात टाकायचे?”

दोन्ही रीती बरोबर आहेत. पहिली रीत अशी. पीठ एका भांड्यात घ्यावे. त्यात आधी थोडेच गार पाणी घालावे आणि चमच्याने किंवा बोटांनी घोटून घट्ट, गुळगुळीत लगदा करावा. मग उरलेले पाणी हळूहळू घालून तो सैल करावा. गार पाण्यात पिष्ट फुगत नाही, म्हणून प्रत्येक कण सुटा सुटा भिजतो. पण सुरुवातीला पाणी थोडेच का? एकदम तीन वाट्या पाणी ओतले, तर लहान लहान गोळे पाण्यात तरंगतात आणि चमच्याखालून निसटतात. लगदा घट्ट असेल, तर ते चमच्याच्या दाबाने चिरडले जातात. माझ्या मते या रीतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि घाईत नेमकी हीच राहून जाते.

दुसरी रीत जुन्या बायकांची आहे. फोडणीत पाणी घालून त्याला आधण आणतात. आधण म्हणजे पदार्थ शिजवण्यासाठी उकळायला ठेवलेले पाणी. मग एका हाताने कोरडे पीठ चिमटी-चिमटीने पाण्यावर सोडतात आणि दुसऱ्या हाताने सारखे ढवळतात. पीठ इतके थोडे पडते, की त्याचा गोळा होण्याआधीच कण पाण्यात पसरतात. या क्रियेला मराठीत सुंदर शब्द आहे, ‘वैरणे’. आधणात तांदूळ वैरतात, पीठ वैरतात. पूर्वी घरोघरी जाते होते, तेव्हा जात्याच्या तोंडातही मूठ-मूठ दाणे वैरत. सगळे दाणे एकदम लोटले, तर जाते अडते आणि पीठ जाडेभरडे पडते. गुरांना घालतो ती वैरण वेगळी, हे मात्र लक्षात ठेवा. नवशिक्यांनी पहिली रीत वापरावी. दुसरीला दोन्ही हात तयार लागतात.

आता आपल्या गावच्या दोन पिकांकडे येऊ. पिंपळगाव बसवंतची बाजार समिती कांदा आणि टोमॅटो या दोन्हींसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या अखेरीस महामार्गावर टोमॅटोच्या वीस-वीस किलोंच्या क्रेटने भरलेल्या गाड्यांची रांग तुम्ही पाहता. हे दोघे रोज आपल्या सालनमध्येही भेटतात. पण तिथे त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी कांदा, मग टोमॅटो. असे का?

कांद्याच्या शंभर भागांत ८५ ते ९० भाग पाणी असते. तेलात घातल्यावर तो आधी हे पाणी सोडतो. जोपर्यंत पाणी आहे, तोपर्यंत कांद्याचे तापमान शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही आणि त्याला लाली येत नाही. पाणी उडून गेले, की तापमान वाढते, कांदा आधी गुलाबी आणि मग तांबूस होतो. त्याच वेळी तो गोड खमंग वास सुटतो. टोमॅटोत तर शंभरात ९४ भाग पाणी आणि वर आंबटपणा! कांदा कच्चा असताना टोमॅटो घातला, तर पातेल्यात पुन्हा पाणीच पाणी होते. आंबटपणामुळे कांदा लवकर मऊही पडत नाही. मग सालनमध्ये कांद्याच्या फोडी शेवटपर्यंत दाताखाली येतात. चाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्यापेक्षा हिवाळ्यातला लाल कांदा जास्त पाणीदार असतो. तो परतायला थोडा अधिक वेळ द्यावा.

‘परतणे’ म्हणजे तेलात घालून वरखाली करणे. उर्दूत आपण ‘भूनना’ हा एकच शब्द वापरतो. मराठीत शेंगदाणे ‘भाजतात’, कांदा ‘परततात’. परीक्षेत ‘कांदा भुनला’ असे लिहू नका.

कांदा तांबूस झाला, की आले-लसणाचे वाटण घालावे. त्याचा कच्चा वास गेला, की हळद, तिखट आणि धने पूड. या पुडी फार कोरड्या आणि बारीक असतात. तापलेल्या तेलात काही क्षणांतच त्या करपतात आणि कडू होतात. म्हणून अम्मी त्यांच्यावर पाण्याचा ‘छींटा’ देते. मराठीत याला पाण्याचा हबका म्हणतात. चमचा-दोन चमचे पाणी पडले, की उष्णता आवरते. ते पाणी आटले, की पुन्हा एक हबका. असे दोन-तीन वेळा केले, की मसाल्याच्या कडेने तेल सुटते. तेल सुटले म्हणजे पाणी आटले आणि मसाला शिजला. आता टोमॅटो घालावा. घड्याळ पाहण्यापेक्षा पातेल्याकडे पाहावे आणि कानही द्यावा. पाणी असते तेव्हा चरचर आवाज मोठा येतो. पाणी संपले, की तो बारीक होतो.

जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किरकोळ बाजारात किलोला शंभर रुपयांच्या वर गेले होते, आणि काही आठवड्यांतच भाव कोसळले. महागाईच्या दिवसांत घरोघरी टोमॅटोऐवजी चिंच किंवा दही वापरले गेले. चिंचेचा कोळ डाळीत घालायचा असेल, तर डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावा. आंबट पाण्यात डाळीचे दाणे लवकर शिजत नाहीत. आधीच चिंच घातलेली खट्टी दाल दोन तास चुलीवर ठेवूनही टणक राहते, आणि दोष बिचाऱ्या डाळीला किंवा दुकानदाराला दिला जातो.

दह्याची गोष्ट थोडी नाजूक आहे. दह्यात प्रथिने असतात. मोठ्या आचेवर ती आकसून एकमेकांना चिकटतात, पाणी वेगळे होते. यालाच दही फुटणे म्हणतात. सालनमध्ये दही घालताना आधी आच मंद करावी. दही वाटीत घोटून घ्यावे. त्यात पातेल्यातला एक डाव गरम रस्सा मिसळावा. दही कोमट झाले, की चमच्या-चमच्याने पातेल्यात सोडावे आणि ढवळत राहावे. कढीत हीच अडचण बेसन सोडवते. ताकात किंवा पातळ दह्यात आधीच थोडे बेसन कालवले, की त्याचे पिष्ट प्रथिनांच्या मध्ये येते आणि त्यांना चिकटू देत नाही. तरीही कढीला पहिली उकळी येईपर्यंत डाव हातातून सोडू नये.

दूध गुळानेही फुटते. गुळाची खीर करताना पातेले खाली उतरवावे, खीर थोडी निवू द्यावी आणि मग गूळ घालावा. साखरेला ही भीती नाही. ईदच्या शीर खुर्म्यात साखर उकळत्या दुधातच घालतात. फारसीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर, हे तुम्हांला ठाऊक आहेच. त्यात तुपात परतलेल्या शेवया मात्र सर्वांत शेवटी घालाव्यात. खाली उतरवल्यावरही त्या दूध पीत राहतात. सकाळी पातळ असलेला शीर खुर्मा दुपारच्या पाहुण्यांना वड्या पाडून द्यावा लागतो, तो याचमुळे.

मुहर्रममध्ये अनेक घरी खिचडा होतो. गहू, डाळी आणि गोश्त वेगवेगळे शिजवून घेतात, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. मग ते एकत्र करून घोटणीने घोटतात. ‘घोटणे’ हा शब्द मराठी आणि उर्दू दोन्हींत चालतो. दही किंवा ताक मात्र रवीने ‘घुसळतात’, कणीक ‘मळतात’, भात-वरण हाताने ‘कालवतात’. मिसळण्याच्या क्रियेला मराठीत इतके शब्द आहेत, कारण हाताची हालचाल प्रत्येक वेळी वेगळी असते.

मीठ आणि तिखट यांच्याविषयी सगळ्या घरांत एकच सांगणे असते. कमी असले तर घालता येते, जास्त झाले तर काढता येत नाही. खारट झालेल्या सालनमध्ये कणकेचा गोळा सोडतात. तो गोळा खारट पाणी शोषतो, पण उरलेल्या रश्श्याचा खारटपणा तसाच राहतो. खरा उपाय म्हणजे पाणी, दही किंवा बटाटा घालून सालन वाढवणे. त्यापेक्षा अर्धे मीठ आधी आणि उरलेले चव पाहून शेवटी घालावे, हे बरे.

कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पाककृतींचे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वाटी आणि चमचा अशी घरात सापडणारी मापे दिली, म्हणून ते हजारो नवशिक्यांच्या उपयोगी पडले. पण कणकेच्या पाण्याला वाटीचे मापही पुरेसे नाही. नव्या गव्हात ओल जास्त असते, त्याच्या पिठाला पाणी कमी लागते. कोरड्या पिठाला जास्त लागते. म्हणून पाककृतीत ‘लागेल तसे पाणी’ असे लिहितात. थोडे पाणी घालावे, मळावे, बोटाने दाबून पाहावे, मग पुढचे घालावे. बाजरीच्या भाकरीचे पीठ तर एका वेळी एका भाकरीपुरतेच भिजवतात. ते जुने असेल तर विरी जाते, म्हणजे त्याचा चिकटपणा कमी होतो आणि भाकरी थापताना तुटते.

एक गोष्ट सांभाळून करा. तापलेल्या तेलात हबका म्हणजे चमचाभर पाणी, तेही कांदा-मसाला आत असताना आणि आच मंद करून. नुसत्या कडकडीत तेलात पाणी कधीही ओतू नये. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जाते आणि तत्क्षणी त्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. ती तेलाला बरोबर घेऊनच वर उसळते. पिठल्याच्या फोडणीत पाणी घालतानाही पातेले क्षणभर खाली उतरवा, तोंड बाजूला ठेवा आणि पाणी कडेने सोडा.

स्वाध्याय

१. पिठाच्या गुठळीच्या आत पीठ कोरडे का राहते, ते तीन-चार वाक्यांत लिहा.
२. ‘वैरणे, परतणे, घोटणे, कालवणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा. तुमच्या घरी या क्रियांना कोणते शब्द आहेत ते विचारून लिहा.
३. दोन वाट्यांत एक-एक चमचा बेसन घ्या. एकीत अर्धी वाटी पाणी एकदम ओता, दुसरीत तेवढेच पाणी चमच्या-चमच्याने घालत घोटा. दोन्ही गाळणीतून गाळा. गाळणीवर काय उरले, ते लिहा. हा प्रयोग मुलांनी आणि मुलींनी दोघांनीही करावा. उरलेले पीठ फेकू नका, कढीला लावा.