हृदयविकार आणि सोबत



या पानावर एरवी लागण, खताचे डोस, हुमणी, खोडव्यातील पाचट असे विषय असतात. या अंकात विषय शेतकऱ्याच्या छातीचा आहे. शेतकी खात्याच्या कामानिमित्त फिरताना दिसते की, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेले सभासद आता बहुतेक गावांत आहेत. मिरज, कोल्हापूर किंवा पुण्याला उपचार होतात, माणूस घरी येतो आणि खरी परीक्षा तिथून पुढे असते. डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी भेटणार. मधले दिवस ज्याचे त्यालाच काढायचे असतात.

घरी आलेल्यांच्या दोन तऱ्हा दिसतात. एक म्हणतो, "ब्लॉक काढला, आता काय राहिलंय?" महिन्या-दोन महिन्यांत गोळ्या सुटतात आणि तंबाखूची पुडी परत खिशात येते. दुसरा भीतीने खाट सोडत नाही. घरचेही त्याला हलू देत नाहीत. रात्री छातीत जरा टोचले तरी त्याची झोप उडते. पण बोलत नाही, कारण बोलले तर पोरे पुन्हा दवाखान्यात नेतील आणि खर्च वाढेल ही धास्ती. नुकसान दोघांचेही होते.

ठिबकवाल्यांना पुढची गोष्ट चटकन पटेल. लॅटरल चोक झाली, आपण ॲसिड सोडून मोकळी केली, पण विहिरीच्या पाण्यातला क्षार तोच राहतो. स्टेंट म्हणजे त्या एका जागी रक्तवाहिनी उघडी धरणारी जाळी. चरबीचे थर साठण्याची खोड बाकीच्या वाहिन्यांतही असतेच. शिवाय जाळी नवी असताना तिच्यात रक्ताची गुठळी धरण्याचा धोका असतो. म्हणून ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला दुसरी गोळी देतात. झटक्यानंतर ही जोडी बहुधा वर्षभर चालते, त्यापुढे एक गोळी बहुतेकांना कायमची असते. आपल्या मनाने मध्येच बंद केली तर जाळीच बंद होऊन मोठा झटका येऊ शकतो. काही त्रास नाही म्हणून गोळी सोडणारे सभासद हेच विसरतात.

डॉक्टर हे सांगत नाहीत असे नाही. पण दवाखान्यात पाच मिनिटांत ऐकलेले डोक्यात राहत नाही. तेच त्या दुखण्यातून गेलेल्या माणसाने बांधावर बसून सांगितले की गळी उतरते. मी स्वतः स्टेंटवाल्यांपैकीच आहे. घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात आमच्या गटातील एक वयस्क सभासद भेटायला आले. त्यांच्या बायपासला नऊ वर्षे झालेली. सदऱ्याची बटणे काढून छातीवरची खूण दाखवली आणि म्हणाले, "साहेब, मी अजून दोन एकराला पाणी पाजतो. तुम्ही कशाला घाबरताय?" रिपोर्टांच्या फाइलीने जो धीर दिला नव्हता तो या एका वाक्याने दिला.

ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत बोस्टन येथे १९५१ साली हृदयावरील शस्त्रक्रिया करणारे डॉ. ड्वाइट हार्केन आणि त्यांचे चार रुग्ण यांनी 'मेंडेड हार्ट्स' नावाची संस्था काढली. बरे झालेल्याने नव्या रुग्णाला जाऊन भेटायचे, हे तिचे मुख्य काम. त्यासाठी काही मोठे भांडवल लागत नाही.

आमच्या गटात गेल्या हंगामापासून आम्ही आठ जण असे धरून आहोत. सकाळी पाटाच्या कडेने चालतो. चालताना बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली की वेग जास्त झाला समजायचे. एकट्याला हे माप लागत नाही. एखादा दोन दिवस दिसला नाही की कुणीतरी त्याच्या घरी जातो. लाइट रात्रीची असली की मोटर चालू करायला कुणी एकटा जात नाही. शेजारच्या रानातल्याला बरोबर घेतो, नाहीतर पाळी बदलून घेतो. मला विचाराल तर सगळ्यात मोलाचे काम हेच. ज्यांचे हृदय कमजोर झाले आहे ते रोज सकाळी वजन करतात. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले किंवा पायावर सूज आली, तर अंगात पाणी साठते आहे. डॉक्टरांना लगेच कळवायचे.

आमच्यात भगिनी एकच आहेत. त्यांना छातीत कळ नव्हती. नुसता दम, थकवा आणि जबड्यात दुखणे. घरच्यांनी ते पित्त समजून आठवडा काढला. बायकांच्या बाबतीत असे पुष्कळदा होते. आता लोणचे, पापड आणि खारी चटणी कमी करून जेवण कसे चवीला आणायचे, हे त्याच बाकीच्या घरांत सांगतात. (साखर कमी करून गूळ खाल्ला तर चालतो, असे पुष्कळांना वाटते. मधुमेह असेल तर गुळानेही रक्तातली साखर वाढतेच. साखर कारखान्याचा माणूस म्हणून सांगत नाही!)

सोबत्याकडून धीर घ्यावा, गोळी घेऊ नये. एकाला नाडी संथ करण्यासाठी दिलेली गोळी दमा असलेल्या दुसऱ्याला बाधू शकते. धातूची झडप बसवलेल्यांच्या गोळीचा डोस तर रक्त तपासून ठरवावा लागतो. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या परस्पर आणू नयेत. त्यांतल्या कित्येक हृदयाला घातक असतात.

छातीत दाबल्यासारखे झाले तर काम टाकून खाली बसावे. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर ती बसूनच घ्यावी. उभ्याने घेतली तर चक्कर येऊन पडायला होते. पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर १०८ ला फोन करावा. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल स्वतः चालवत निघू नये.

आपल्या गावात असे रुग्ण असतील तर गट ऑफिसात नाव कळवावे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहा वाजता तेथेच बसणार आहोत. घरातील एका माणसाला बरोबर आणावे, आणि चालू गोळ्यांची पाकिटे व डॉक्टरांचा शेवटचा कागद विसरू नये.

ऊस विकास अधिकारी