आजारानंतरचा आजार : वर्गशिक्षकाचे निरीक्षण

ज्वर उतरला म्हणजे रोग गेला, असा आपला सर्वसाधारण समज असतो. करोनाच्या साथीने तो सर्वांशी खरा नसल्याचे दाखवून दिले. बुलढाणा शहरात मार्च २०२० च्या अखेरीस या रोगाने पहिला मृत्यू झाला. पुढे ही साथ जिल्ह्यातील खेडोपाडी पोहोचली. बहुसंख्य रुग्ण बरे झाले. तथापि काहींचा थकवा, धाप व विस्मरण महिनोन्महिने टिकून राहिले.

ही गोष्ट प्रथम रुग्णांनीच जगाच्या निदर्शनास आणली. या अवस्थेस ‘लाँग कोविड’ हे नाव मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्वसंशोधक विदुषीने, स्वतः आजारी असताना, दिले. रुग्णांच्या नोंदींतून संशोधनास चालना मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रौढांकरिता व फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलांकरिता या अवस्थेची व्याख्या निश्चित केली. संसर्गानंतर तीन महिन्यांच्या आत उद्भवणारी व किमान दोन महिने टिकणारी लक्षणे मुलांच्या व्याख्येत येतात.

अमेरिकेतील ‘रिकव्हर’ या संशोधन उपक्रमाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांत स्मरण व एकाग्रता यांची अडचण, झोपेच्या तक्रारी, पोटदुखी व डोकेदुखी ही लक्षणे ठळक दिसली. बारा ते सतरा वर्षांच्या मुलांत थकवा, अंगदुखी आणि गंध व चव यांतील बदल. शरीरात उरलेले विषाणूचे अंश, रोगप्रतिकारक शक्तीतील बिघाड अशा कारणांचा शोध चालू आहे. निश्चित निदान करणारी एकच अशी चाचणी नाही.

शिक्षकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. आजारापूर्वी पाढे बिनचूक म्हणणारा मुलगा नंतर अडखळू लागला, तर त्यास आळशी ठरविणे सोपे असते. परंतु शिक्षेने स्मृती परत येत नाही. काही रुग्णांत श्रमानंतर दुसऱ्या दिवशी त्रास वाढतो. म्हणून अशा मुलास कवायतीची सक्ती करू नये. तसेच प्रत्येक थकवा करोनाचाच, असेही मानू नये. रक्तक्षय, क्षयरोग, दृष्टिदोष वा अपुरा आहार हीही कारणे असू शकतात. निदान हे वैद्यांचे काम. पाहणे व लिहून ठेवणे हे आपले.

स्वाध्याय

१. आजारानंतर ज्याच्या अभ्यासात वा खेळात बदल दिसतो, अशा विद्यार्थ्याची नोंद दोन महिने दर आठवड्यास दैनंदिनीत करावी. लक्षणे तीव्र असल्यास मात्र त्वरित वैद्यकीय सल्ला घेण्यास सांगावे.

२. ती नोंद पालकांस समजावून द्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास अथवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांस दाखवावी.

३. अशा मुलास गृहपाठ थोडा द्यावा व मध्ये विश्रांती द्यावी.

दररोज त्याच मुलास पाहणारा डोळा घराबाहेर शिक्षकाचाच असतो. त्याची चार ओळींची नोंद एखाद्या बालकाचे वर्ष वाचवू शकेल.